‘डाँकी काँग’चें तिसरें पर्व

एखाद्या यशस्वी कृतीचा पुढील भाग रचणें हें काम दिसतें तितकें सोपें नाहीं. पूर्वभागाची कीर्ति ही उत्तरभागाची अर्धी पुण्याई असते हें खरें. पण तीच कीर्ति त्याच्या पायांतील बेडीहि होते. भवभूतीसारखा एखादाच कवि असा निघतो कीं, ज्याचें ‘उत्तररामचरित’ त्याच्याच ‘महावीरचरिता’ला मागें सारून रसिकांच्या जिभेवर बसतें. बाकीच्यांच्या नशिबीं बहुधा तुलना येते, आणि तुलनेच्या दरबारांत धाकट्याला न्याय क्वचितच मिळतो. त्यांतून पुढील भाग दुसरा नसून तिसरा असला, तर ‘तीन तिघाडा, काम बिघाडा’ ही म्हण लोकांच्या ओठांवर तयारच असते.

काव्यनाटकांविषयीं हा विचार आमच्या वाचकांस नवीन नाहीं. परंतु गेल्या अर्धशतकांत करमणुकीचें जें एक नवें क्षेत्र निर्माण झालें, त्या व्हिडिओ गेमच्या क्षेत्रासहि तो लागू पडतो, हें दाखविण्याचा या लेखांत आमचा हेतु आहे. त्यासाठीं आम्हीं जो खेळ निवडला आहे तो जपानच्या निंटेंडो कंपनीचा ‘डाँकी काँग ३’. हा खेळ १९८३ सालीं प्रथम नाणें टाकून चालणाऱ्या आर्केड यंत्रावर आला, आणि पुढच्याच वर्षीं घरच्या टी.व्ही.ला जोडावयाच्या यंत्रावर उतरला. त्याचे दोघे वडील बंधु जगप्रसिद्ध आहेत. याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं. आणि मौज अशी कीं, निफाड तालुक्यांतील वाचकाला या तिघांपैकीं एखादा आपलासा वाटावयाचा असेल तर तो हाच. कारण याच्या नायकाच्या हातांत तलवार नाहीं, बंदूक नाहीं, औषध मारावयाचा पंप आहे.

पूर्वेतिहास थोडक्यांत सांगितला पाहिजे. १९८० च्या सुमारास निंटेंडोनें ‘रडार स्कोप’ नांवाचा नेमबाजीचा खेळ काढला होता. त्याचीं सुमारें ३,००० यंत्रें अमेरिकेंत पाठविण्यांत आलीं. पैकीं हजारएक खपलीं आणि उरलेलीं वखारींत धूळ खात पडलीं. तीं वायां जाऊं नयेत म्हणून त्यांच्याच पोटांत बसेल असा नवा खेळ रचण्याचें काम शिगेरु मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलें. देखरेखीस गुन्पेइ योकोई हे अनुभवी गृहस्थ होते. त्यांतून १९८१ सालीं ‘डाँकी काँग’ निपजला. एक दांडगा वानर सुताराच्या प्रेयसीस पळवून बांधकामाच्या लोखंडी सांगाड्यावर चढून बसतो, वरून पिंपें गडगडवितो, आणि सुतार उड्या मारीत, शिड्या चढत वर जातो, एवढीच कथा. पण पडद्यावरील ठिपक्यांना स्वभाव आणि भांडणाला कारण देणारे जे थोडे खेळ त्या काळीं निघाले, त्यांत याची गणना अग्रभागीं होते. जून १९८२ पर्यंत एकट्या अमेरिकेंत याचीं सुमारें ६०,००० यंत्रें खपलीं. हा सुतार म्हणजेच पुढें जगभर गाजलेला मारिओ. १९८२ सालीं दुसरा भाग आला, ‘डाँकी काँग ज्युनिअर’. त्यांत कर्त्यांनीं बाजू उलटविली: आतां वानर पिंजऱ्यांत, मारिओ पहारेकरी, आणि बापाला सोडविण्यासाठीं वेलींवरून चढणारें वानराचें पोर हा नायक. पहिल्या भागांतील वैर कायम ठेवून न्यायाचें पारडें तेवढें फिरविण्याची ही युक्ति लोकांस आवडली.

ऑक्टोबर १९८३ मध्यें जपानांत तिसरा भाग आला, आणि त्यानें वैराचा हा धागाच तोडून टाकला. मारिओ दिसेनासा झाला. तो त्याच वर्षीं निघालेल्या ‘मारिओ ब्रदर्स’ या निराळ्या खेळांत आपल्या भावासह जमिनीखालच्या नळांच्या कामावर गेला होता. त्याच्या जागीं स्टॅन्ली नांवाचा एक माळी उभा आहे. स्थळ म्हणजे एक हरितगृह. वानर दोन वेलींना धरून मधोमध लोंबकळतो आणि मधमाश्यांच्या पोळ्यांना धक्के देऊन कीटकांचे थवे खालीं सोडतो. खालीं पांच फुलझाडें मांडलेलीं असून कीटक तीं पळवावयास पाहतात. स्टॅन्लीनें पंपाच्या फवाऱ्यानें कीटक मारावयाचे, आणि त्याच फवाऱ्यानें वानराला ढकलीत ढकलीत वर घालवावयाचें. फवारा थांबला कीं वानर पुन्हा खालीं सरकूं लागतो. तो तळाशीं पोंचला कीं खेळणाऱ्याचा एक प्राण गेला. वानर वरच्या टोकापर्यंत हटला, अथवा सारे कीटक संपले, कीं फेरी जिंकली. शिल्लक राहिलेल्या फुलांबद्दल जादा गुण मिळतात.

वरकरणीं साध्या दिसणाऱ्या या मांडणींत एक खरा पेच आहे. पंप एक आणि शत्रू दोन. वानराकडे लक्ष द्यावें तर कीटक फुलांना भिडतात. कीटकांमागें लागावें तर वानर खालीं उतरतो. पहिल्या दोन भागांत एकच दिशा होती, वर जाण्याची. येथें चढण नाहीं. कमी मनुष्यबळानें दोन आघाड्या संभाळण्याची कसरत आहे. म्हणून ज्यानें पहिल्या भागाच्या आठवणीनें हा खेळ हातीं घेतला त्याला तो परका वाटला, आणि परका वाटला म्हणून हलका वाटला. आमच्या मतें या दोन गोष्टी एक नव्हत.

हा माळी आला तरी कोठून? ‘डाँकी काँग’च्या कुळांत त्याचा शोध केल्यास तो लागत नाहीं, कारण त्याचें कूळ निराळें आहे. योकोई यांनीं १९८० पासून ‘गेम अँड वॉच’ नांवाचे खिशांत मावणारे खेळ काढण्यास आरंभ केला होता. त्यांपैकीं ‘ग्रीन हाउस’ हा डिसेंबर १९८२ मध्यें निघाला. त्यांत दोन पडदे असून एक माळी वरच्या व खालच्या मजल्यांवर धांवत अळ्या व कोळी यांपासून फुलें वांचवितो. फवारणी करणारा माळी, हरितगृह, फुलें, कीड, सारें तेथें आधींच आहे. उणा आहे तो वानर. तेव्हां ‘डाँकी काँग ३’ हा ज्याचें नांव लावतो त्याचा पुत्र आहे त्यापेक्षां ‘ग्रीन हाउस’चा अधिक आहे. तो दत्तक गेला, मोठ्या घराण्याचें नांव मिळालें, आणि त्या नांवाबरोबर मोठ्या घराण्याशीं तुलनाहि पदरीं पडली.

आतां हा खेळ घरीं कसा आला तें पाहूं. १५ जुलै १९८३ रोजीं निंटेंडोनें जपानांत ‘फॅमिली कॉम्प्युटर’ अथवा संक्षेपानें ‘फॅमिकॉम’ हें घरगुती यंत्र १४,८०० येन किंमतीस विक्रीला आणलें. त्याच दिवशीं त्यासाठीं तीन खेळ निघाले: ‘डाँकी काँग’, ‘डाँकी काँग ज्युनिअर’ आणि ‘पोपाय’. या तारखेकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. वडील भाऊ आर्केडमध्यें नांव कमावून मग घरीं आले. तिसरा जन्मला तेव्हां घर आधींच बांधून तयार होतें. इतकेंच नव्हे, तर त्याच्या आर्केड यंत्राच्या पोटांतच त्या घराचा अंश होता. त्या यंत्राची मुख्य चिप झेड-८० जातीची होती. पण आवाज काढण्यासाठीं तींत दोन ‘२ए०३’ चिप बसविल्या होत्या, आणि ही ‘२ए०३’ म्हणजे फॅमिकॉमचा मेंदू. घरीं जी एकटी साऱ्या खेळाचा गाडा ओढी, तिच्या जोडीकडे आर्केडमध्यें केवळ वाजंत्रीचें काम होतें. पूर्वीं आर्केड हें उगमस्थान आणि घर हें त्याचें प्रतिबिंब असा क्रम होता. १९८३ सालीं तो फिरूं लागल्याचें हें एक बारीकसें पण बोलकें चिन्ह आहे. पुढच्याच वर्षीं निंटेंडोनें ‘व्हीएस. सिस्टिम’ काढून फॅमिकॉमचेंच यंत्र आर्केडच्या पेटींत घातलें, तेव्हां क्रम पुरता उलटला.

घरची आवृत्ति जुलै १९८४ मध्यें निघाली. अशा रूपांतरांत काय काय आड येतें हें समजून घेतल्याशिवाय त्याची किंमत कळत नाहीं. आर्केड यंत्राचा पडदा उभा होता: रुंदी २२४ ठिपके, उंची २५६. घरचा पडदा आडवा: रुंदी २५६, उंची २४०. जो खेळ वानराला वर ढकलण्यावरच उभारलेला आहे, त्याचें आकाशच असें बसकें झालें. फॅमिकॉमची कामापुरती स्मृति अवघी २ किलोबाइट. शिवाय एका आडव्या रेषेवर हलत्या आकृतींचे आठांहून अधिक तुकडे त्याला दाखवितां येत नसत. गर्दी झाली कीं कांहीं तुकडे गळत आणि आकृति लुकलुकूं लागत. थव्याथव्यांनीं कीटक सोडणाऱ्या खेळाला ही अडचण लहान नव्हती. पहिल्या ‘डाँकी काँग’ला याच यंत्रावर येतांना आपल्या चार देखाव्यांपैकीं एक गमवावा लागला होता. तिसऱ्यानें हरितगृहाच्या तिन्ही मांडण्या राखल्या. रूपांतराच्या कसोटीला तो थोरल्यापेक्षां खरा उतरला, हें त्याच्या पदरांत टाकलें पाहिजे.

मग तो विस्मृतींत कां गेला? याचें एक कारण जागेच्या बदलांत आहे असें आम्हांस वाटतें. आर्केडच्या दुकानांत खेळ लवकर संपला पाहिजे, कारण पुढचें नाणें पडल्याशिवाय दुकानदाराचें पोट भरत नाहीं. तीनच देखावे फिरून फिरून येणें आणि दर फेरीस वेग वाढणें ही रचना त्या हिशोबाला अगदीं सोईची. घरीं हा हिशोबच उरत नाहीं. मूल सारी दुपार खेळत बसतें आणि तिसऱ्या देखाव्यानंतर पुन्हा पहिला आला कीं विचारतें, ‘आतां पुढें काय?’ या प्रश्नाला ‘डाँकी काँग ३’पाशीं उत्तर नव्हतें. तें दुसऱ्यापाशीं होतें. १३ सप्टेंबर १९८५ रोजीं निघालेल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्यें एकामागून एक ३२ टप्पे होते, आणि शेवटीं पोंचण्याजोगा एक शेवट होता. जो मारिओ तिसऱ्या भागांतून निघून गेला, त्यानेंच घरच्या खेळाचें नवें व्याकरण आणिलें. अमेरिकेंत ‘डाँकी काँग ३’ची घरची आवृत्ति १९८६ सालीं पोंचली, म्हणजे ‘सुपर मारिओ’च्या मागून. मध्यंतरीं तेथील व्हिडिओ गेमचा बाजारच कोसळला होता. १९८३ सालीं सुमारें ३२० कोटि डॉलरची असलेली उलाढाल १९८५ पर्यंत सुमारें १० कोटींवर आली होती. आर्केडच्या युगाचा शेवटचा पाहुणा नव्या युगाच्या पंक्तींत उशीरा येऊन बसला. त्याच्याकडे कोण पाहणार?

पुढें उपेक्षेचीं प्रमाणें वाढतच गेलीं. हडसन सॉफ्ट या कंपनीनें १९८४ सालीं जपानी घरगुती संगणकांसाठीं याच नांवाला एक शेपूट जोडून खेळ काढला. पण तो निराळाच खेळ होता. १९८८ सालीं ‘डाँकी काँग क्लासिक्स’ या नांवानें जुने भाग एका कार्ट्रिजांत विकण्यांत आले, त्यांत पहिला व दुसरा घेतला आणि तिसरा वगळला. घरच्या यंत्रांवर त्या वानराच्या नांवाचा मोठा नवा खेळ यावयास १९९४ साल उजाडलें. आणि तेव्हां त्याला जें नवें वैभव मिळालें, त्यांत स्टॅन्लीला वांटा नव्हता.

येथवर जपान-अमेरिकेची कथा झाली. आपल्या देशांत या खेळाचें दैव निराळें होतें. १९९० नंतरच्या दशकांत भारतांतील बाजारपेठांत फॅमिकॉमच्या नकलांचा सुळसुळाट झाला. लोक त्यांना ‘टी.व्ही. गेम’ म्हणत आणि कार्ट्रिजला ‘कॅसेट’ म्हणत. एका कॅसेटींत शेंकडों, कधीं हजारों खेळ असल्याची बढाई वेष्टनावर छापलेली असे. प्रत्यक्षांत थोडेच खेळ नांव आणि आरंभ बदलून पुन्हा पुन्हा मोजलेले असत. या कॅसेटी अनधिकृत होत्या, कर्त्यांना त्यांतून एक पैहि मिळाली नाहीं, हें विसरतां कामा नये. परंतु कोणते खेळ त्यांत शिरले याला एक यांत्रिक कारण होतें. फॅमिकॉमच्या पहिल्या एकदोन वर्षांतील खेळ २४ ते ४० किलोबाइटांत मावत आणि त्यांना कार्ट्रिजांत अधिक मंडल लागत नसे. म्हणून एका चिपेंत ते डझनांनीं कोंबतां येत. मोठमोठे नामवंत खेळ बाहेर राहिले आणि लहान चणीचे जुने खेळ आंत आले. ‘डाँकी काँग ३’ या लहानांपैकीं होता. ज्या लहानपणामुळें तो जपान-अमेरिकेंत मागें पडला, त्याच लहानपणानें त्याला येथें दार उघडून दिलें.

या योगायोगाचा एक परिणाम आम्हांस महत्त्वाचा वाटतो. अशा कॅसेटीच्या यादींत खेळांचीं नांवें अर्धवट वा बदललेलीं असत. काळाचा क्रम तर नसेच. पहिला भाग तिसऱ्याच्या नंतर भेटे, मधला भेटतच नसे. तालुक्याच्या गांवीं हा खेळ लावणाऱ्या मुलाला तीनच्या आंकड्याचा अर्थ सांगणारें कोणी नव्हतें, आणि आर्केडचें मूळ यंत्र त्यानें पाहिलेलेंहि नव्हतें. त्याच्या दृष्टीनें कोणी थोरला नव्हता, कोणी धाकटा नव्हता. पडद्यावर जें होतें तेंच मूळ. फवारा सुटतो कीं नाहीं, वानर हटतो कीं नाहीं, एवढ्यावरच निवाडा. इतिहासकाराला वंशावळीवांचून चालत नाहीं. पण वंशावळ ठाऊक नसलेल्या प्रेक्षकाच्या निवाड्यांत एक प्रामाणिकपणा असतो, आणि जी कृति तुलनेखालीं चिरडली गेली तिला तो प्रामाणिकपणाच न्याय देऊं शकतो.

निफाडचा उल्लेख आम्हीं आरंभीं केला तो उगाच नव्हे. न्यायमूर्ति रानड्यांचें हें जन्मगांव आज द्राक्षांचा आणि कांद्याचा तालुका म्हणून ओळखलें जातें. याच तालुक्यांतील ओझर येथें रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनीं १९२५ सालीं द्राक्षलागवडीचा पाया घातला. तेव्हांपासून या भागांत औषध मारणें हें जगण्याचें अंग झालें. ऑक्टोबरची छाटणी झाली कीं भुरी आणि केवडा या रोगांची धास्ती सुरू होते. ढग आले कीं पंप निघतो. पाठीवरच्या पंपाचा पट्टा खांद्यांत रुतवून ओळीमागून ओळ चालणाऱ्या माणसाला कोणी वीर म्हणत नाहीं. ‘डाँकी काँग ३’नें त्याला नायक केलें. त्या काळच्या बहुतेक खेळांत जिंकणें म्हणजे शत्रूचा नाश करणें, अथवा एखादी वस्तु मिळविणें. येथें जिंकणें म्हणजे जें लावलें आहे तें राखणें. सांजवेळीं पांचांपैकीं किती फुलें उभीं राहिलीं याचा हिशोब मांडणारा हा खेळ शेतकऱ्याच्या मनाला समजावा यांत नवल तें काय?

फवारणीच्या इतिहासांतील एक गोष्ट या वानराच्या कथेशीं विलक्षण जुळते. द्राक्षबागांत आजहि वापरांत असलेलें बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, हें प्रथम रोगावर म्हणून मारलें जात नव्हतें. फ्रान्सच्या मेडोक प्रांतांत रस्त्याकडेच्या वेलींवर तें शिंपीत, तें येणाऱ्याजाणाऱ्यांनीं द्राक्षें तोडूं नयेत म्हणून. त्या वेली रोगापासूनहि वांचल्या हें १८८२ सालीं मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानीं आलें, आणि १८८५ सालीं त्यानें त्याचा उपाय म्हणून प्रसार केला. फवारा आधीं चोरावर आणि मग रोगावर! बागेंत शिरलेल्या दांडग्याला आणि किडीला एकाच फवाऱ्यानें हटविणारा स्टॅन्ली पाहिला म्हणजे ही हकीकत आठवल्यावांचून राहत नाहीं.

तथापि गुणगान करतांना दोषावर पांघरूण घालणें आम्हांस मान्य नाहीं. या खेळांत मधमाशी ही शत्रु आहे, आणि पोळें हें संकटाचें घर. निफाडच्या शेतकऱ्याला हें पटणार नाहीं. कांद्याचें बीं धरावयाचें असेल तर डोंगळ्यांच्या फुलांवर मधमाशी आली पाहिजे. ती न फिरकली तर बोंडें पोकळ राहतात. दिसेल त्या पंखावर फवारा सोडणारा माळी पडद्यावर गुण मिळवील. शेतांत पुढच्या हंगामाचें बियाणें गमावील. शिवाय स्टॅन्लीचें औषध कधीं संपत नाहीं, त्याचे पैसे पडत नाहींत, तें त्याच्या अंगावर उडत नाहीं. खेळ म्हणून हें क्षम्य आहे. पण ज्याला फवाऱ्याची किंमत ठाऊक आहे त्यानेंच हें बोलून दाखवावयास हवें. मियामोतो यांनीं पुढें स्वतःच्या बागकामाच्या छंदावरून ‘पिक्मिन’ हा खेळ २००१ सालीं रचला. त्यांत फुलें डोक्यावर मिरविणारे चिमुकले जीव हे खेळणाऱ्याचे सोबती आहेत. बागेकडे पाहण्याची दृष्टि अठरा वर्षांत किती बदलली, हें त्यावरून दिसतें.

२०१९ सालीं निंटेंडोच्या ‘स्विच’ या यंत्रावर ‘डाँकी काँग ३’ची आर्केडची आणि घरची अशा दोन्ही आवृत्त्या थोड्या महिन्यांच्या अंतरानें उपलब्ध झाल्या. उभा पडदा आणि आडवा पडदा एकाच हातांत घेऊन ताडून पाहण्याची सोय त्यामुळें झाली. ज्यांना जिज्ञासा आहे त्यांनीं ही ताडणी अवश्य करावी. मात्र पहिल्या भागाची आठवण घटकाभर बाजूस ठेवून करावी. ‘डाँकी काँग’ म्हणून हा खेळ उणा पडेल. एका पंपावर दोन आघाड्या संभाळणाऱ्या माळ्याचा खेळ म्हणून तो पाहिला, तर त्याला आपलें स्थान मिळेल. आणि तें स्थान, आमच्या मतें, त्याच्या नांवापुढील आंकड्यानें दाखविलेल्या स्थानाहून वरचें आहे.